टेलिफोन बोर्डावरच्या यशोधराचे दात

"बाई, किती येळ लागंल? चारची यष्टी हाय."

मुखेडकडून नांदेडला आलेला माणूस माझ्या खुर्चीत टेकायच्या आधी हे विचारायचा. दाताचं काय करायचं हे तो घरूनच ठरवून आलेला असे. काढायचा. मी आरसा घालून बघायची आणि सांगायची, "हा वाचेल हो, थोडी कीड आहे, भरून देते." मग तो अशा संशयाने बघायचा की जणू बाईला दात उपटता येत नाही, म्हणून ती सबब सांगते आहे. एकदा तर एकाने बायकोला कुजबुजून विचारलं होतं, "पुरुष डाक्टर कुठं बसतोय, इचार की."

मला दात उपटता येत होते. चांगले येत होते. पण हौसेने मी ते काम कधीच केलं नाही. दंतवैद्याचं खरं कसब दात राखण्यात आहे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आता निवृत्त होऊन खुर्ची विकून टाकल्यावरही आहे. अर्धापूरचे एक केळीवाले आजोबा होते. मी करून दिलेली कवळी ते सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि लग्नाकार्याला तेवढी तोंडात घालायचे. मी रागावले तर ते म्हणाले, "रोज घातली तर झिजंल की. अन् केळं खायाला दात कशाला लागत्यात?" पण कवळी म्हणजे दात नव्हे, हे लोकांना पटवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातली एक गोष्ट इथे सांगते. बाकीच्या हजारो दाढा राहू द्या.

नवरा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. लातूर वेगळा जिल्हा झाला तशी त्याची बदली तिकडे झाली आणि मी नांदेडचा दवाखाना आवरून त्याच्या मागे गेले. जिल्हा इतका नवा की कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता. अर्ध्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत, आणि स्वयंपाकघरात साहेब बसलेले. आमच्या पाठोपाठ दुष्काळही आला. खातं पाटबंधाऱ्याचं आणि अडवायला पाणी नाही, त्यामुळे नवरा घरी येऊन फार बोलत नसे.

एका लाकडाच्या वखारीवर मी दोन खोल्या घेतल्या. दाताच्या खुर्चीला लागून थुंकायचं एक भांडं असतं, ते नळावर चालतं. नळ कोरडा. मग बादली, तांब्या आणि पेशंटच्या मांडीवर तसराळं, असा आमचा थाट. गावाकडच्या म्हाताऱ्यांना चूळ भरा म्हटलं की त्या पाणी तोंडात घोळवायच्या आणि सरळ गिळून टाकायच्या. "थुकायचं पानी हाय व्हय हे?" असं मलाच दटावायच्या.

अशा दिवसांत यशोधरा वाघमारे आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ गौतम होता, मुखेडजवळच्या गावाहून खास आलेला. घरची थोडी शेती तो बघायचा आणि बहिणीच्या बाबतीत सगळं बोलायचं कामही त्याने स्वतःकडेच घेतलेलं होतं.

"आक्काचे समदे दात काढा," तो म्हणाला. "अन् कवळी बसवा. मोठ्या शहरातल्या डाक्टरनं बी तेच सांगितलंय. फोटू काढलाय."

मी यशोधराकडे बघितलं. वय तिशीच्या आतबाहेर. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, पण तो तजेला नव्हता. कातडं ताणून बसवल्यासारखं. ओठ बारीक, नाक निमुळतं, बोटं अर्धी मिटलेली आणि चकचकीत. माझ्या जाडजूड पुस्तकात या आजारावर अर्धं पान होतं, ते मला आठवलं. नांदेडच्या कातडीच्या डॉक्टरांनी निदान आधीच केलेलं होतं: स्क्लेरोडर्मा.

वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल, म्हणून सांगते. यात कातडं जाड आणि ताठ होत जातं. सुरुवात बहुधा बोटांपासून होते. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात, मग निळी. पुढे चेहरा आवळतो, काहींच्या बाबतीत आजार अन्ननलिका आणि फुप्फुसंही सोडत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, कुणाच्या पापाचा नाही आणि अजून मुळासकट बरा होत नाही. दातांच्या बाजूने बघाल तर तिहेरी संकट. तोंड लहान होत जातं, त्यामुळे ब्रश आत फिरत नाही. बोटं मिटतात, त्यामुळे ब्रश धरता येत नाही. आणि लाळ आटते. लाळेला आपण कधी मान देत नाही, पण दिवसभर तोंड धुऊन काढायचं काम बिचारी तीच करते. ती आटली की हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात मुळापाशी किडतात.

"तुम्हाला काय वाटतं?" मी यशोधरालाच विचारलं.

तेव्हा ती बोलली. नव्या जिल्ह्याबरोबर आलेल्या एका कचेरीत ती टेलिफोन बोर्डावर होती. कचेरीचं नाव लिहीत नाही. ती अजून आहे. बाहेरून फोन आला की ती "बोला" म्हणायची आणि दोरीची पिन बोर्डावर त्या त्या साहेबाच्या नंबरापुढच्या भोकात खोचायची. पिन तिला मुठीने धरता यायची. पण हिरड्या सुजून बोलणं जड झालेलं, रक्तामुळे सारखं तोंड पुसावं लागायचं, आणि पलीकडचे लोक "काय? काय म्हणालात?" करायचे. साहेबांनी सांगून टाकलं होतं, आवाज सुधारला नाही तर बोर्डावरून काढून आवक-जावकला बसवावं लागेल.

"तिथं दिवसभर लिवायचं असतंय, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "ह्या बोटांनी मला पेन धरता येत न्हाई. म्हंजी घरीच बसायचं. आमच्या घरात सरकारी नोकरीत पयली मी हाय. बोर्ड गेला की समदं गेलं."

मी एक्स-रे बघितला. प्रत्येक दाताच्या मुळाभोवतीची काळी रेघ रुंद दिसत होती. शहरातल्या माझ्या व्यवसायबंधूने त्यावरून सगळे दात खिळखिळे ठरवले होते. आता, या आजारात ती रेघ रुंदच दिसते. मी एकेक दात चिमट्याने हलवून बघितला. खालचे पुढचे दोन हलत होते. बाकीचे घट्ट होते.

गौतम घड्याळाकडे बघत होता. त्यालाही चारची यष्टी असणार. मी कपाटातून कवळीचं माप घ्यायची पत्र्याची वाटी काढली. कवळी करायची तर आधी ही वाटी मसाल्याने भरून तोंडात बसवावी लागते. सगळ्यांत लहान वाटी मी घेतली, रिकामीच, आणि यशोधराला "आ" करायला सांगितलं. तिने होतं नव्हतं तेवढं तोंड उघडलं. वाटी आडवी धरली, तिरपी धरली, ओठाला व्हॅसलिन लावून बघितलं. आत जाईना.

"गौतमराव," मी म्हटलं, "ही वाटी आज जात नाही. तोंड पुढे आणखी लहान होणार. कवळी हिच्याएवढीच असते. मग ती कुठून घालणार? दात काढले तर हिला दातही नाहीत आणि कवळीही नाही."

त्याने ती वाटी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. "मंग शहरातल्या डाक्टरनं हे कामून न्हाई सांगितलं?"

"त्यांनी फोटू बघितला. तोंड बघितलं नसेल."

मी हे जरा जास्तच ऐटीत म्हणाले, पण मला तेव्हा ऐट होती. यशोधराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "म्हंजी राहतील व्हय?" मी म्हटलं, "दोन सोडून बाकीचे राखायचे. पण मेहनत तुमची." पेशंटला मी नेहमी विचारायची, बरं झाल्यावर काय खाणार? तिलाही विचारलं.

"हुरडा," ती लगेच म्हणाली. मग स्वतःच हसली. "पर रान करपून गेलंय समदं. यंदा कुठला हुरडा?"

मग आम्ही कामाला लागलो. पहिला प्रश्न ब्रशचा. लहान मुलांचा ब्रश घेतला, पण त्याची काडी तिच्या मुठीत राहीना. गौतम खाली सायकलच्या दुकानात गेला आणि हँडलची रबरी मूठ घेऊन आला. तीत चिंध्या ठोसून ब्रश रोवला. यशोधराने तो मुठीत धरला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "घंटी राहिली बगा बसवायची." त्या दिवसापासून आम्ही अहो-जाहो सोडलं. म्हणजे मी सोडलं. तिने शेवटपर्यंत "डॉक्टरीणबाई" सोडलं नाही.

दातांवरचं कीट मी हातानेच, बारीक हत्याराने काढायची. तोंड लवकर दुखायचं, म्हणून एका बैठकीत पाव तोंड. पाणी कोमट, बोटं निळी पडू नयेत म्हणून. शिवाय तोंडाचा व्यायाम: कुल्फीच्या काड्या धुऊन दातांमध्ये एकावर एक रचायच्या, जबडा ताणून धरायचा, मग आणखी एक काडी सारायची. जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करणारी बाई रोज सकाळी तोंडात काड्या धरून बसते, म्हणून घरमालकिणीने तिला एकदा भूतबाधेचंही विचारलं.

हिरड्यांचं रक्त थांबलं. आवाज सुटला. साहेब बोर्डावरून काढायचं बोलायचे बंद झाले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि त्याच सुमारास तिच्या दातांना नवी कीड दिसली. अगदी हिरडीलगत, एका गालाच्या बाजूला. मी भरून दिली. पुढच्या खेपेला आणखी दोन. हिरड्या स्वच्छ, ब्रश बरोबर, आणि दात मुळापाशी विरघळत चाललेले. असंच चालू राहिलं असतं तर वर्षभरात ती वाटी न जाणारं तोंड रिकामं झालं असतं.

"गोड काय खातेस?"

"काही न्हाई बाई. च्या बी बिनसाखरेचा."

"मिश्री? सुपारी?"

"न्हाई हो. शप्पथ."

ती खोटं बोलत नव्हती. तरी माझं डोकं चालेना. आणि मग मी तिच्या कचेरीत गेले ते पूर्ण वेगळ्याच कामाला. दवाखान्याला टँकरचं पाणी मिळावं म्हणून अर्ज द्यायचा होता. जिन्याखाली तिचा बोर्ड होता. ती पाठमोरी बसलेली, कानाला फोनचं यंत्र. समोर स्टीलची लहान डबी. एक फोन जोडून झाला की ती डबीतून काहीतरी उचलायची आणि गालात सरकवायची.

मी पुढे होऊन डबी उघडली. गुळाचे खडे.

"हे काय गं?"

"गूळ," ती म्हणाली, जणू मी आंधळी आहे. "तोंड वाळतंय ना. आमची माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तवा असाच गालात खडा धरायची. तहान मरती."

"अगं, मी तुला गोड खातेस का म्हणून किती वेळा विचारलं!"

"हे खानं कुठं हाय बाई? हे तहानंसाठी हाय."

मी कपाळाला हात लावला. ज्या तोंडात लाळ नाही, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गूळ. "तहान लागते तर पाणी पी ना! माठ समोर आहे की."

एक फोन आला, तो तिने जोडला. मग हळू आवाजात म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतंय. अन् जायचं कुठं?"

बायकांच्या संडासाला कुलूप होतं. धुवायला पाणी नाही म्हणून दुष्काळ पडल्यापासून बंद. कचेरीतल्या सगळ्या बायका घरून निघताना पाणी पिणं सोडायच्या, ते घरी परत जाईपर्यंत. इतरांचं तहानेवर भागायचं. हिचे दात जात होते.

मी अर्ज बाजूला ठेवला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

"आपण दातांच्या डॉक्टर ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग संडासाशी आपला काय संबंध?"

मी संबंध सांगितला. लाळ, गूळ, कीड, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे. पण पाण्याअभावी बंद ठेवायचं ठरलंय."

"पुरुषांचं काय करता?"

"पुरुषांची अडचण नाही हो. मागे मोकळं मैदान आहे."

माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच यात काही खटकत नव्हतं. मी पर्समधून माझा औषधाचा कागद काढला आणि लिहून दिलं: रुग्ण यशोधरा वाघमारे. पाणी, थोडंथोडं, दिवसभर. आणि खाली: महिलांचे स्वच्छतागृह, उघडे, रोज. सही केली. साहेबांनी तो कागद एका फायलीत लावला आणि फाईल बांधून ठेवली.

यशोधरा घाबरली. "बाई, माझ्या नावानं कशाला लिवलं? आता मला बोर्डावरनं काढत्यात." तिची भीती रास्त होती. मी घरी जाऊन रात्रभर तळमळले नाही, तसा माझा स्वभाव नाही, पण रागाने भाकरी करपवली हे खरं. तिला मी गुळाऐवजी वेलचीचे दाणे दिले. त्याने जी काही उरलीसुरली लाळ होती ती सुटायची. पण पाण्याला पर्याय नव्हता, हे तिला आणि मला दोघींनाही कळत होतं.

आणि मग एका सकाळी वखारीचा जिना चढून साहेब स्वतः आले. गाल टरारून सुजलेला. अक्कलदाढ. तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं, पण दुखणाऱ्या माणसाशी सौदा करायचा नसतो. मी इंजेक्शन दिलं, पू काढला, औषध भरलं. काम झाल्यावर ते ओठ चाचपत बसले.

"ओठ आपला वाटत नाही ना?" मी विचारलं. "तोंड कोरडं, बोलायला गेलं की जीभ अडखळते?"

त्यांनी मान हलवली.

"हे दोन-तीन तासांत उतरेल. यशोधराबाईंना हे रोज असतं. त्यावर त्या दिवसभर तुमचे फोन जोडतात."

त्यांना उत्तर देता येत नव्हतं, त्यामुळे मला थोडा जास्त वेळ मिळाला, तो मी वापरला.

पुढच्या खेपेला यशोधरा आली ती जिन्यातूनच हसत. संडासाबाहेर पाण्याचं पिंप ठेवलं होतं आणि कुलपाची किल्ली बोर्डाशेजारच्या खिळ्याला अडकवली होती, तिच्या ताब्यात. कचेरीतल्या बायकांना पुरुषांदेखत किल्ली मागायची लाज वाटायची. म्हणून त्या येऊन म्हणायच्या, "यशोधराबाई, दात बघायचेत." शिपाई बुचकळ्यात पडायचा, की कचेरीतल्या एवढ्या बायकांचे दात एकदम कसे बिघडले.

पुढचं आधीच सांगून टाकते. पुढचे दोन दात गेले, ते मी वाचवू शकले नाही, आणि त्याची मला अजून चुटपुट आहे. बाकीचे राहिले. आजार थांबला नाही. तोंड आणखी लहान झालं, धाप लागू लागली. पण ती बोर्डावरच राहिली आणि बोर्डावरूनच निवृत्त झाली. तिच्यानंतर मला असे आणखी काही पेशंट भेटले. प्रत्येकाला मी दातांच्या आधी विचारायची, पाणी कधी पिता, आणि का पीत नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती दुष्काळानंतरची थंडी. पाऊस चांगला झाला होता. गौतम यष्टीने आला आणि दारातूनच म्हणाला, "चला बाई, आक्कानं बोलावलंय. हुरड्याला."

मुखेडच्या अलीकडे त्यांचं रान. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. गौतमने आगटी पेटवली, कणसं निखाऱ्यात घातली. यशोधरा स्वेटर आणि हातमोजे घालून शेकत बसली होती. तिला कणीस चोळता यायचं नाही, म्हणून गौतम आपल्या तळहातांवर चोळायचा, फुंकर मारायचा आणि दाणे तिच्या मुठीत द्यायचा. शेंगदाण्याची चटणी होती. गूळही होता, हुरड्याबरोबर असतोच. तिने ती वाटी कोपराने माझ्याकडे ढकलली.

"हे तुमच्याकडं ठेवा. माझं तुम्ही बंद केलंय."

मग तिने दाणे ओठांतून आत सारले, थोडे थोडे करून. हुरड्याचं हे बरं असतं, की तो केवढ्याही लहान तोंडातून आत जातो. पण आत गेल्यावर त्याला दात लागतात. ती चावू लागली. सावकाश, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. गौतम कणीस चोळायचा थांबला. आम्ही दोघं तिच्या जबड्याकडे बघत होतो, आणि मला रडू आलं. धुराने नाही.

"कवळा हाय," ती म्हणाली. "खावा की तुम्ही बी. काय बघून राहिले?"

मग तिने तांब्या उचलला आणि पाणी प्यायली, भरपूर, खाली ठेवायची घाई न करता. पदराने तोंड पुसलं आणि उठली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"पाणी पिलं न्हव का आता?" ती म्हणाली. "जाऊन येते."

आणि ती ज्वारीच्या ताटांमधून आत चालती झाली. गौतमने पुढचं कणीस आगटीत घातलं.